पाटोळे मावशी आणि डाव्या हाताची शीर

पाटोळे मावशींनी माझा चेहरा पहिल्यांदा कधी पाहिला, ते मला सांगता येणार नाही. हात मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत पाहिला. अमेरिकेत नेपरव्हिल गावाजवळच्या एका हॉस्पिटलात मी कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर करायला गेलो होतो. मीटिंग रूमच्या दारात कोणीतरी आमची ओळख करून दिली आणि मी इथल्या रिवाजाप्रमाणे हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, मनगटावरून अंगठा फिरवला आणि मराठीत म्हणाल्या, "बारीक आहे, पण सरळ आहे. कुठले तुम्ही?"

"पुण्याचा."

"वाटलंच."

यात शिरेचं कौतुक किती आणि पुण्याचं किती, हे मी विचारलं नाही.

शकुंतला पाटोळे मूळच्या नगरच्या, नर्सिंग शिकल्या मिरजेला आणि अमेरिकेत येऊन त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती. हॉस्पिटलात 'आयव्ही टीम' नावाची पाच नर्सेसची तुकडी होती, तिच्या त्या प्रमुख. कोणाला सलाईन, रक्त किंवा शिरेतून औषध द्यायचं असलं की यांना बोलावणं जायचं. नळी कोणती, किती जाड, कोणत्या हातात आणि किती दिवस, हे ठरवायचं आणि ती घालायची, एवढंच काम. पण 'एवढंच' हा शब्द मावशींसमोर वापरायची सोय नव्हती.

सलाईन लावली म्हणजे हातात सुई टोचून ठेवलेली असते, असं मीही समजत होतो. मावशींचा पहिला राग या समजुतीवर. सुई फक्त वाट करून देते आणि बाहेर येते, आत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी. "सुई म्हणजे लग्नातला मध्यस्थ," त्या म्हणत. "जमलं की त्याने निघायचं असतं. आपल्या मराठी मंडळातले मध्यस्थ तेवढे संसारात राहायला येतात."

आता मी तिथे काय करत होतो ते सांगायला हवं. हॉस्पिटलने एक सल्लागार नेमला होता. नर्सेसच्या मागे चार दिवस वही घेऊन हिंडल्यावर त्याने असा शोध लावला, की नळी निवडण्याचं काम नर्सेस 'अंदाजाने' करतात. मग ते काम कॉम्प्युटरने करावं असं ठरलं. स्क्रीनवर सात प्रश्न यायचे, नर्सने त्यांची उत्तरं टिक करायची आणि शेवटी कॉम्प्युटर नळीचं नाव सांगणार. हा कॉम्प्युटर म्हणजे मी. त्याआधी मी हॉस्पिटलात फक्त एकदा गेलो होतो, टॉन्सिल काढायला.

पहिल्या डेमोला सहा मॅनेजर आले होते. आम्ही एक काल्पनिक पेशंट घेतला: मोटार अपघात, भरपूर रक्त गेलेलं, तातडीने रक्त चढवायचंय. मी सातही उत्तरं टिक केली आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, चोवीस नंबर. मॅनेजरांनी माना डोलावल्या. या धंद्यात नंबर उलटे जातात हे मला ठाऊक नव्हतं. चौदा नंबर सगळ्यात जाड आणि चोवीस सगळ्यात बारीक, तान्ह्या बाळांच्या कामाची. चौदापेक्षा चोवीस मोठे हे मी बालवाडीत शिकलो होतो आणि तेवढ्या भांडवलावर इंजिनियर झालो होतो.

मावशी स्क्रीनकडे बघत शांतपणे मराठीत म्हणाल्या, "याला रक्त चढेपर्यंत याचं तेरावं उरकेल." आणि मॅनेजरांकडे वळून इंग्रजीत, "छान आहे. थोडीशी दुरुस्ती लागेल."

एका मॅनेजरने मला विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांना रंगसंगती आवडली.

मावशींची ही रीतच होती. गोड ते इंग्रजीत, खरं ते मराठीत. त्या इमारतीत मराठी कळणारं माझ्याआधी कोणी नव्हतं. त्यामुळे पंचवीस वर्षं त्या डॉक्टरांच्या तोंडावर त्यांच्याबद्दलची मतं निवांतपणे मांडत आल्या होत्या. डॉक्टरांना वाटायचं, बाई भारतातलं काहीतरी पुटपुटतायत, बहुधा प्रार्थना.

दुरुस्त्या समजून घ्यायला मी आठवडाभर त्यांच्या गाडीमागून वॉर्डात फिरलो. गाडीवर नळ्यांचे खण, टॉवेल आणि एक लहान उशी. पेशंटपाशी गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "कोणत्या हाताने जेवता?" अमेरिकन माणूस यावर गोंधळतो, कारण त्याचा एक हात सुरी चालवतो आणि दुसरा काटा. कोणी म्हणे, बर्गर असेल तर दोन्ही. मावशी तेही लिहून घेत आणि मग कमी भुकेल्या हाताला नळी लावत. हात गरम टॉवेलात गुंडाळून ठेवत, मग बोटांनी शीर चाचपत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. दिसते ती शीर शिकाऊ माणसाची, बोटांना लागते ती आपली, असं त्यांचं म्हणणं. दोन वेळा चुकलं तर तिसऱ्यांदा टोचायचं नाही, दुसऱ्या नर्सला बोलवायचं, हा नियम त्यांनी स्वतःला लावला होता आणि माझ्यासमोर एकदा पाळलाही. नव्या मुली सोपं म्हणून कोपराच्या खोबणीत नळी घालत. तसं दिसलं की मावशी त्यांना स्वतःचं कोपर सरळ ठेवून सँडविच खायला लावत.

बाकी सगळं शास्त्र त्या एका वाक्यात सांगत: लागेल तेवढीच जाड आणि लागतील तेवढेच दिवस.

या वाक्यावरून सॉफ्टवेअरसाठी नेमलेल्या कमिटीत वाजलं. कॉम्प्युटरच्या सात प्रश्नांत मावशींना आठवा घालायचा होता. "या माणसाला पुढच्या पाच वर्षांत हा हात कशाला लागणार आहे?" त्यांनी विचारलं. कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. सल्लागार म्हणाला, पेशंट इथे सरासरी चार-पाच दिवस असतो, पाच वर्षं आपल्या कक्षेत येत नाहीत. दुसऱ्याने विचारलं, याचं उत्तर टिक कसं करणार? माझ्याकडे वळून तिसऱ्याने विचारलं, स्क्रीनवर जागा आहे का? जागा होती. आठच काय, बारा प्रश्न मावले असते. पण माझ्या व्हिसाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. मी म्हटलं, जरा दाटी होईल.

बाहेर आल्यावर मावशी मला एवढंच म्हणाल्या, "बाळा, शीर हाताची असते. हॉस्पिटलची नसते."

आता मंडळाकडे वळतो. आमच्या भागातल्या मराठी मंडळात सॉफ्टवेअरवाले होते, डॉक्टर होते आणि या दोघांचे आईवडील होते. नर्स एकच. त्यामुळे मावशींची ओळख कशी करून द्यायची याची पंचाईत होई. "या पाटोळे मावशी, हॉस्पिटल लाइनमध्ये असतात," असं आवाज थोडा खाली आणून सांगितलं जाई. मावशी रविवारी सकाळी चर्चला जात आणि दुपारी गणपतीला येत. त्यांचे उकडीचे मोदक सगळ्यात आधी संपत, म्हणून याबद्दल कोणी फार चौकशी करत नसे. मंडळाने एकदा आरोग्यविषयक परिसंवाद ठेवला. स्टेजवर चार डॉक्टर होते, त्यांतला एक दातांचा. मावशी किचनमध्ये मसालेभात गरम करत होत्या. परिसंवाद संपल्यावर निम्मं सभागृह आपापल्या तक्रारी घेऊन किचनमध्ये आलं.

मंडळाचे अध्यक्ष करंदीकर काका. सत्तरच्या दशकात आलेले, मोठ्या कारखान्यात इंजिनियर. "आम्ही आलो तेव्हा इथे कोथिंबीर मिळत नव्हती," असं त्यांचं प्रत्येक भाषण सुरू व्हायचं. ती कोथिंबीर पुढे त्यांनीच आणली असावी, असं शेवटाकडे वाटू लागे. सलग सहा वर्षं ते अध्यक्ष होते आणि सातव्यांदा उभे राहणार होते. काकांना जुना मधुमेह होता. मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडाही वर्षानुवर्षं चढत होता, पण ते म्हणत, "थोडा वर आहे, पण टॉलरन्समध्ये आहे. कारखान्यात एवढा फरक चालतो."

तर २००४ च्या शरदात काकांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि ते आमच्याच हॉस्पिटलात भरती झाले. दहा-बारा दिवस शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं ठरलं. तरुण डॉक्टरने कॉम्प्युटरवर माझे सात प्रश्न टिक केले आणि कॉम्प्युटरने पिक लाइन सुचवली. ही दंडाच्या शिरेतून घालून थेट हृदयापाशी नेलेली लांब नळी. त्या वर्षांत तिची फॅशन होती. वारंवार टोचावं लागत नाही, हातात घालून घरीसुद्धा जाता येतं.

काकांना ती फार पसंत पडली. लंच अवरमध्ये मी काकूंनी दिलेला डबा घेऊन गेलो तेव्हा खोलीत मंडळाचे तीन सभासद बसले होते. काका उशीला टेकून सांगत होते, "ऑर्डिनरी आयव्ही नाही देत मला. पिक लाइन. डायरेक्ट हार्टपर्यंत जाते. मी म्हटलं, इन्शुरन्स आहे, जी टॉप ऑफ द लाइन असेल ती घाला यार." सभासदांनी आदराने त्यांच्या दंडाकडे पाहिलं. एकाने विचारलं, लांबी किती. सगळे इंजिनियर होते.

तेवढ्यात मावशी गाडी घेऊन आल्या. काकांना त्यांनी नमस्कार केला, चार्ट उचलला आणि उभ्याउभ्याच वाचू लागल्या. दोन पानं उलटली. मग उघडायला घेतलेलं नळीचं पाकीट त्यांनी परत खणात ठेवलं.

"काका, ही नळी मी घालणार नाही."

"म्हणजे? ऑर्डर आहे ना डॉक्टरांची?"

"मी बोलते त्यांच्याशी. तुमच्या किडन्या थकल्यात, काका. हे आकडे बघा. दोन वर्षांनी म्हणा, चार वर्षांनी म्हणा, डायलिसिस लागणार. तेव्हा या डाव्या हातातली चांगली शीर लागेल. आज तिच्यात एवढी लांब नळी घातली आणि शीर बंद पडली, तर तेव्हा काय करायचं? मी उजव्या पंज्यावर बारीक नळी लावते. तीन-चार दिवसांनी बदलू. चार वेळा टोचेन, पण हात शाबूत राहील."

त्यांचं शब्द न् शब्द बरोबर होतं. चूक झाली ती वेगळीच. त्या मराठीत बोलत होत्या. पंचवीस वर्षांत त्या इमारतीत मराठी हा त्यांचा बंद दरवाजा होता. त्या दरवाजाच्या आत आज आम्ही चौघं बसलोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. 'डायलिसिस' या शब्दावर एक सभासद उठून खिडकीबाहेर बघू लागला.

काकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कोण म्हणालं डायलिसिस? मला काही झालेलं नाही. पाटोळेबाई, तुम्हाला परिसंवादाला स्टेजवर बसवलं नाही, त्याचा राग इथे काढू नका."

मावशींनी तेव्हा आमच्याकडे पाहिलं. त्यांना काय झालं ते कळलं, हे मला दिसलं. त्या फोन करायला बाहेर गेल्या. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत त्यांना दुजोरा दिला आणि पिक लाइन रद्द झाली. काकांच्या उजव्या पंज्यावर बावीस नंबरची बारीक निळी नळी लागली. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी त्या दिवशी फक्त बायकोला सांगितलं. बाकीच्या तिघांनीही तेवढंच केलं असणार. दोन दिवसांत नेपरव्हिलसकट तीन गावांत काकांच्या किडन्यांची चर्चा सुरू झाली. कोणी कीर्तनाला यावं तशी माणसं त्यांना भेटायला आली. पुढच्या महिन्यात मंडळाने एकमताने ठराव केला, की काकांच्या प्रकृतीची काळजी म्हणून त्यांना अध्यक्षपदाच्या दगदगीतून मुक्त करावं. काका स्वतः त्या सभेत हजर होते आणि त्यांची प्रकृती उत्तम दिसत होती. त्यांना शाल दिली.

काकांनी हॉस्पिटलकडे लेखी तक्रार केली. पेशंटची माहिती पाहुण्यांसमोर फोडली, हा इथे गंभीर गुन्हा, आणि तो झालाच होता. चौकशीला मला बोलावलं. समोरच्या बाई फार गोड होत्या. त्यांनी विचारलं, नर्सने तुमच्या उपस्थितीत पेशंटच्या आजाराचा उल्लेख केला का? मी म्हटलं, हो. पण त्यांनी त्या माणसाचा हात वाचवला, असंही मी म्हणालो. त्यांनी हसून सांगितलं, फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. असले फॉर्म बनवणं हाच माझा धंदा होता, मी कोणत्या तोंडाने भांडणार?

मावशींना लेखी ताकीद मिळाली, ती फायलीत कायमची लागली. शिवाय 'रुग्णाशी सुसंवाद' या विषयावर दोन दिवसांचा वर्ग झाला, त्यात बावीस वर्षांच्या एका मुलीने त्यांना स्मित कसं करायचं ते शिकवलं. मावशी म्हणाल्या, "पोरगी चांगली होती. शीर जरा खोल होती." काही महिन्यांनी नळ्या आता कॉम्प्युटर निवडतो म्हणून आयव्ही टीमच बरखास्त झाली. निरोपाच्या केकवर माझ्या सॉफ्टवेअरचं अभिनंदन होतं.

मी मावशींची क्षमा मागायला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तू खरं तेच सांगितलंस. चूक माझीच होती. माणसाचं दुखणं त्याला एकट्याला सांगायचं असतं, हे मी मुलींना शिकवायची आणि तिथे चार माणसांपुढे बोलून बसले. त्यांची खुर्ची गेली माझ्यामुळे." मी म्हटलं, हात तर राहिला. त्या म्हणाल्या, "तो काय, राहायलाच हवा होता."

काका आणि त्या त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. काका गणपतीला शेवटच्या रांगेत बसत. मावशींनी मंडळात येणं सोडलं, आणि मोदकांचं काम केटररकडे गेलं.

२००८ च्या जानेवारीत काकूंचा फोन आला. काकांचं डायलिसिस सुरू होणार होतं. आदल्या उन्हाळ्यात सर्जनने त्यांच्या डाव्या हाताची शीर धमनीला जोडून तयार करून ठेवली होती. शीर उत्तम आहे, कोणी हात लावलेला दिसत नाही, असं तो म्हणाला होता. बर्फ पडला होता, काकूंना गाडी चालवायची भीती वाटत होती. म्हणून पहिल्या दिवशी मी काकांना घेऊन निघालो. त्या डायलिसिस सेंटरमध्ये मावशी आता काम करतात हे मला ठाऊक होतं. सांगावं की न सांगावं या विचारात मी तीन वळणं चुकलो आणि शेवटी सांगितलं नाही.

मोठा हॉल होता, भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन. पडदे नव्हते. काका खुर्चीत बसले, कोट काढला, आणि समोरून मावशी आल्या. केस पांढरे झाले होते, चालणं जरा मंदावलं होतं.

काकांनी त्यांना लगेच ओळखलं. मग मला म्हणाले, "दुसरं कोणी नाही का इथे?"

मावशींनीच उत्तर दिलं. "आहेत. बोलावू?"

मला वाटलं, आता ते हो म्हणणार आणि मी जमिनीत जाणार. काकांनी बाही वर केली, स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको. तुम्हीच करा."

मावशींनी त्यांच्या हातावर तळवा ठेवला. जोडलेल्या शिरेतून रक्त वाहतं ते हाताला थरथरतं लागतं, म्हणे. त्या डोळे मिटून ते तपासत होत्या, आणि काकांनी घसा खाकरला. "पाटोळेबाई, ते त्या वेळचं पत्र... मी तेव्हा..."

मावशींनी डोळे उघडले. दोन खुर्च्या सोडून एक गुजराती आजोबा बसले होते, त्यांच्यापलीकडे आणखी एकजण. आणि मराठी पुरतं कळणारा मी होतो.

"काका, थांबा जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू बाहेर बस, बाळा. दार लावून घे."

मी बाहेर आलो. दाराला काच होती. काचेतून मला मावशींची पाठ दिसत होती आणि काकांचे ओठ हलताना दिसत होते. मध्येच काकांनी उजव्या हाताने डोळे पुसले. काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. मावशी सुया बाजूला ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी पायाने स्टूल ओढून काकांच्या आणखी जवळ घेतलं.